न कुठे जोडायचा

५ फेब्रुवारी

चि. शेपटीस,
अ. उ. आ. वि. वि.

फोनवर मी भाषण ठोकते आणि तू नुसतं हं हं करतेस, म्हणून पत्र. कागदावर दोघींना सारखी जागा मिळते, हे लोकशाहीला धरून आहे.

खाली बाबांच्या शिवणाच्या दुकानात आता चष्म्याचं दुकान आलंय. काचेतल्या फ्रेमा दिवसभर रस्त्याकडे डोळे वटारून बघत असतात. बाबांच्या कापडं बेतायच्या टेबलाच्या पायांनी फरशीवर खळगे पडले होते, ते मात्र नव्या मालकाला घासून काढता आले नाहीत. मी येता-जाता डोकावून बघते. तू येत नाहीस. आई गेल्यापासून या घराने तुझं तोंड पाहिलेलं नाही. विचारलं की तुझं उत्तर ठरलेलं, क्लिनिक. बायकांच्या अंगावर हात ठेवून बसून राहायचं, त्याला एवढी काय गर्दी होते गं? शाळेतही तू नुसती बसून असायचीस. ती विद्या अखेर कामी आली म्हणायची.

आता दुसरी बातमी. इथल्या मोठ्या इस्पितळाच्या धुलाईखान्यातल्या बायका घरी आल्या होत्या. दिवसभर उभ्याने चादरी इस्त्री करतात. मागणी एकच, बसायला एकेक स्टूल. व्यवस्थापक म्हणतो, बसलेल्या बाईच्या हातून काम होत नाही. आणि हे तो फिरत्या खुर्चीत बसून म्हणतो! एके काळी या एका वाक्यावर मी सभा पेटवली असती. मार्चअखेर त्यांची सभा आहे आणि मी त्यांना नाही म्हणून सांगितलं. वय झालं, घसा बसतो, आता नव्यांनी बोलावं. व्यासपीठ मी सोडलं. तू वाईट वाटून घेऊ नकोस, मला काही वाटत नाही.

तुझ्या घड्याळवाल्या नवऱ्याला सांग, त्याने दुरुस्त केलेलं आमचं भिंतीवरचं घड्याळ पुन्हा स्वतःच्या मताने चालू लागलंय. या घरात राहून तेही बिघडलं.

कळावे. लोभ असू दे. तो पाठवायला रजा काढावी लागत नाही.

तुझी ताई

*

१३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घसा बसतो? माइक बंद पडला तेव्हा अख्ख्या मैदानाला शेवटच्या रांगेपर्यंत झोडपलं होतंस, त्या बाईचा घसा? थापा मारायच्या असतील तर पत्र टाकायला भावोजींना पाठवत जाऊ नकोस. पाकिटाच्या झाकणावर, आतल्या बाजूने, त्यांनी लाल पेन्सिलीने दुरुस्ती केली आहे: 'घसा' खोडून 'ओटीपोट', आणि पुढे 'पाच मिनिटंही उभी राहू शकत नाही, हे घुसवावे.' जन्मभर छापखान्यात दुसऱ्यांच्या चुका धरणारा माणूस स्वतःच्या बायकोची सोडेल होय?

म्हणजे ते दुखणं अजून आहे. गर्भाशय काढलं त्या ऑपरेशनपासूनचं. मी विचारलं की तू 'कंबर' म्हणायचीस, आईने विचारलं की 'पोटात जरा'. ताई, बाईचं शरीर तिचं स्वतःचं आहे असं तू गावोगाव गरजलीस आणि स्वतःच्या शरीरातल्या एका जागेचं नाव तुझ्या तोंडातून निघत नाही. रागावू नकोस. रागावलीस तर निदान खरं तरी लिहिशील.

हात ठेवून बसण्याबद्दल म्हणालीस, तर ऐक. बाबांचं 'ओढ कुठून येते' आठवतं? गिऱ्हाईक कोट घालून आरशासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, खांद्यावर सुरकुती पडते. तू लगेच इस्त्री पुढे करायचीस. बाबा तुझा हात बाजूला सारून कोटाच्या आत हात घालायचे, अस्तर चाचपत खाली यायचे आणि खिशापाशी थांबायचे. अस्तर तिथे एक टाका जास्त आवळलेलं असायचं. सुरकुती खांद्यावर, ओढ खिशाची. आपल्या स्नायूंनाही डोक्यापासून पायापर्यंत असं पातळ अस्तर असतं. ऑपरेशन, बाळंतपण, जुना मार किंवा वर्षानुवर्षं अंग आखडून धरणं, यांनी ते कुठे कुठे घट्ट होतं, आणि दुखतं भलतीकडेच. आम्ही जिला मायोफॅशिअल रिलीज म्हणतो ती पद्धत म्हणजे त्या जागी हात टेकवायचा आणि हाताखालचं सैल व्हायला लागेपर्यंत वाट बघायची. माझ्याकडे चित्रकला शिकवणारी एक बाई येते. बाळंतपणानंतर तिला खुर्चीत बसवत नव्हतं, उभ्यानेच जेवायची. आता बसून जेवते. सगळ्यांनाच असा गुण येतो असं मी म्हणणार नाही. ही जादू नाही.

तू ये. पण आधी तिथल्या डॉक्टरणीकडून नीट तपासून घे, दुसरं काही नाही ना ते कळायला हवं. आठवडाभर आधी काय करायचं त्याची चिठ्ठी सोबत जोडली आहे. घाईत खरडली आहे, बाहेर पेशंट बसल्या आहेत.

भावोजींना नमस्कार आणि लाल पेन्सिलीला माझ्यातर्फे नवं टोक.

तुझी शेपटी (मोठी झाले तरी मागेच)

*

२४ फेब्रुवारी

चि. शेपटीस,
आशीर्वाद देण्याच्या मनःस्थितीत मी नाही, तरी अ. उ. आ.

तुझं शास्त्र तुला लखलाभ! तू सांगितलंस तसं केलं. सकाळी गरम पाण्याची पिशवी, नंतर व्रण चोळणं. मी कोणतंही काम अर्धवट करत नाही हे तू जाणतेस. जळलेलं पातेलं घासावं तशी रोज घासत होते, अंगठे दुखेपर्यंत. परवापासून उभं राहवत नाही, बसवत नाही, कूस बदलवत नाही. तुझी चिठ्ठी समोर आहे, त्यात स्वच्छ लिहिलंय: 'रोज शेक. व्रण चोळून ये.' चोळला. आता येऊ कशी? स्ट्रेचरवरून?

डॉक्टरणीला दाखवलं. सगळ्या तपासण्या झाल्या, भलतंसलतं काही नाही. तेवढं ऐकून बरं वाटतंय तोच ती हसून म्हणाली, या वयात बायकांचं असं चालायचंच, तुम्ही तर किती सोशिक आहात. शेपटे, माझ्या डोक्यात तिडीक गेली. 'सोशिक' हे विशेषण ज्याने पहिल्यांदा बाईला लावलं तो मोठा धूर्त माणूस असला पाहिजे. बैलाला चाबूक लागतो, गाढवाला काठी, बाईला एक विशेषण पुरतं! गळ्यात हार घातल्यासारखं ते घालायचं, की ती त्याच्या वजनाने वाकते आणि वर आभार मानते. दुखतं म्हणाली तर नाटकी, नाही म्हणाली तर सोशिक, मेली तर थोर. मी हे सगळं तिला ऐकवलं. दारात उभ्या असलेल्या दोन बायकांनी मान डोलावली. उठून जायच्या वेळी मात्र टेबलाचा आधार घ्यावा लागला आणि एवढ्या वक्तृत्वाचा पार चोथा झाला.

तू म्हणतेस ते नाव मी लिहिते. ओटीपोट. झालं समाधान? खाली, उजवीकडे, मांडीच्या सांध्यापर्यंत. विस्तव ठेवल्यासारखं. उभी राहिले की वाढतं. व्यासपीठ मी सोडलेलं नाही, ते माझ्या पायांखालून निघून गेलंय. त्या धुलाईखान्यातल्या बायका काल पुन्हा आल्या होत्या. त्यांतली म्होरकी, उंच, वाफेने हात लालबुंद झालेली, जाताना म्हणाली, आम्ही दुसऱ्या कुणाला बोलावलेलंच नाही, तुमची वाट बघतोय. मी दार लावलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले.

हे शेजारच्या खोलीत मुद्दाम मोठ्याने पान उलटतायत. त्यांना सगळं ऐकू येतं, मी बोलत नाही तेव्हा जास्तच.

लोभ आहे, पण सध्या दुखावलेला.

ताई

*

१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचताना आधी रडू आलं आणि त्या चिठ्ठीच्या वाक्यापाशी आल्यावर हसू. दोन्ही एकदम झालं की माझं नाक वाहतं हे तुला माहीत आहे.

अगं, मी लिहिलं होतं: व्रण चोळू नये!

भावोजींना भिंग घेऊन बसव. मी 'चोळू' आणि 'नये' यांत जागा सोडायला कंटाळले असेन, तो माझा गुन्हा. पण चोळू नका म्हणून सांगितलेली जागा आठवडाभर घासत राहणं, तेही पातेल्यासारखी, हे आपल्याच घरात होऊ शकतं. तुला आठवत नाही? हा तर तुझाच खेळ होता!

आईचं 'नये'. उंबऱ्यात बसू नये, मुलींनी फिदीफिदी हसू नये, जिन्यात धावू नये, मोठ्यांच्या तोंडी लागू नये. आपण दोघी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, कठड्याच्या सळ्यांतून पाय बाहेर सोडून. तू म्हणायचीस, आई 'न' चुकीच्या घरात बसवते, आपण त्याला शेजारच्या घरात पाठवू. धावू नये, धावून ये. हसू नये, हसून ये. तू लगेच रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत धावून यायचीस आणि आईसमोर उभी राहून सांगायचीस, तूच म्हणालीस ना. एकदा भांडू नये म्हणाली, तर तू खरंच शेजारच्या पोराशी भांडून आलीस. आई रागाने लाल आणि बाबा सुई दातांत धरून, खांदे हलवत हसतायत. ताई, भाषणं तू तिथेच शिकलीस. एका अक्षराची जागा बदलली की हुकूम मोडता येतो, हे मला तू शिकवलंस.

आता मात्र हुकूम मोडू नये. (न जिथे आहे तिथे राहू दे.) घासणं बंद. आग शमली की ये. मी भावोजींनाही लिहिते आहे, ते तुला गाडीत बसवून देतील. आमच्या क्लिनिकच्या खोलीत तीन पडदे आहेत, एक मऊ टेबल आहे, आणि घड्याळ नाही. घड्याळवाल्याच्या बायकोने घड्याळ काढून टाकलं म्हणून घरी आठवडाभर अबोला होता. तिथे कुणी तुला घाई करणार नाही. कपडे किती काढायचे, हात कुठे ठेवायचा, कधी उचलायचा, हे पडून राहिलेली बाई ठरवते. तू 'थांब' म्हणालीस की हात थांबेल. आयुष्यभर तू दुसऱ्यांच्या वतीने थांब म्हणालीस. एकदा स्वतःसाठी म्हणून बघ.

तुझी शेपटी

*

२१ मार्च

चि. शेपटीस,
अ. उ. आ. वि. वि.

सुखरूप पोचले. गाडीत अर्धा रस्ता बसून आणि अर्धा उभी राहून आले, उगाच, राहता येतंय का ते बघायला. शेजारच्या प्रवाशाला वाटलं बाईला अस्वस्थ वाटतंय. त्याला काय सांगू, कित्येक वर्षांनंतर स्वस्थ वाटत होतं.

तुझ्या घरी असताना मी तुझ्याशी या विषयावर बोलले नाही. पत्रात लिहायला सोपं जातं. समोर तू असतेस आणि तुझे डोळे आईसारखे आहेत.

पहिल्या दिवशी त्या टेबलावर निजले तेव्हा मनात म्हटलं, ही काहीतरी करेल आणि मी सहन करेन. दात आवळून तयार. तू हात ठेवलास, आणि काहीच केलं नाहीस. मी वाट बघतेय, आता दाबेल, आता रगडेल. हात तसाच. मला रागच यायला लागला. दोनदा विचारलं, झोपलीस का गं? तू म्हणालीस, नाही, तू धरून ठेवलंयस ते सोडायची वाट बघतेय. मी म्हटलं, मी काहीही धरलेलं नाही. तू म्हणालीस, बरं. तू आमच्या विरोधी पक्षात असतीस तर तुझ्या त्या 'बरं'ला मी भ्यायले असते.

तिसऱ्या खेपेला ते घडलं. तुझा हात व्रणाच्या वर, तोही उजवीकडे नाही, डावीकडे! मी सांगितलं दुखतं उजवीकडे, तर तू म्हणालीस, ओढ इथली आहे. बाबाच बोलले असं वाटलं. मग हाताखाली काहीतरी हळूच सरकलं. आवळलेली नाडी सैल व्हावी तसं. आणि मला इस्पितळातली ती खोली दिसली. पिवळट पडदा, खिडकीत कुणीतरी वाळत टाकलेला रुमाल, आणि आई. ऑपरेशननंतर मी शुद्धीवर आले, आपलं काय गेलं ते कळलं आणि तोंड उघडलं, तेवढ्यात आई माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, रडू नये, टाके उसवतात. मायेनेच म्हणाली गं. तिला जे येत होतं ते तिने दिलं. मी आवंढा गिळला आणि पोट मुठीसारखं आवळून घेतलं. तीच मूठ, शेपटे. टाके काढले तरी मी ती उघडलीच नाही. ती तशीच घेऊन उभी राहिले, मोर्चे काढले, आईच्या शोकसभेत बोलले, तेव्हाही कोरड्या डोळ्यांनी. लोक म्हणाले, काय खंबीर बाई.

मग तुझ्या टेबलावर मी रडले. किती वेळ ते माहीत नाही, तुझ्याकडे घड्याळ नाही. तुझा हात हलला नाही. टाके उसवले नाहीत.

दुखणं गेलं का? नाही. रोज सकाळी आहे म्हणून हजेरी लावतं. पण आता ते येतं आणि जातं, पूर्वी मुक्कामाला असायचं. त्या म्होरकीला निरोप पाठवला आहे, येते म्हणून. किती वेळ उभी राहीन ते कळत नाही. वक्ता बसला की सभा झोपते, हे मी चार पिढ्यांच्या कार्यकर्त्यांना शिकवलंय. त्यामुळे उभीच राहीन. मध्येच कोसळले तर मात्र त्या व्यवस्थापकाला आयतं कोलीत मिळेल. त्याची भीती वाटते. तुला म्हणून लिहिते, कुणाला दाखवू नकोस.

ह्यांनी तुझी चिठ्ठी भिंगाखाली तपासली. निकाल: लेखिकेने जागा सोडली नाही, वाचिकेने अक्कल वापरली नाही, दोघींचं प्रूफ परत.

लोभ वाढला आहे. वजनही, तुझ्या घरच्या लाडांनी.

ताई

*

२५ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. त्या दिवशी माझा हात हलला नाही असं लिहिलंस. हलला नाही, कारण मीही त्याला धरून बसले होते. परकी बाई रडली की मला काय करायचं ते कळतं. तू रडलीस तेव्हा मी तिसऱ्या पायरीवरची शेपटी झाले.

एक सांगू? सभेत उभं राहायचं हे कुणी ठरवलं? आठ तास उभ्याने इस्त्री करणाऱ्या बायकांना तू बसायचा हक्क मागणार, आणि स्वतः दात आवळून उभी राहणार. बाबा असते तर म्हणाले असते, पोरी, सुरकुती कुठे आहे आणि तू इस्त्री कुठे फिरवतेयस! उत्तर पत्राने देऊ नकोस. व्यासपीठावर दे.

आता माझं. घर तोंड विसरलं म्हणून तू टोमणा मारलास, तो लागला. घराची किल्ली अजून माझ्या जुडग्यात आहे. दोनदा गाडीचं तिकीट काढलं आणि रद्द केलं. तो जिना चढताना तिसऱ्या पायरीवर आपलं काय होईल ते मला माहीत आहे. आईला नेलं त्या दिवशी मी तिथे बसून हुंदके देत होते. तू खाली आलीस, माझा दंड धरलास आणि कानात म्हणालीस, लोकांसमोर रडू नये. मी लगेच थांबले. तेव्हापासून थांबलेच आहे. तक्रार नाही गं. रोज बायकांना 'सोडा' म्हणते आणि घरी येऊन जुडगं खुंटीला लावते, तेव्हा ती किल्ली हाताला लागते, एवढंच.

सभा झाली की लिही. फोन करू नकोस, मला हं हं शिवाय काही सुचायचं नाही.

तुझी शेपटी

*

२ एप्रिल

चि. शेपटीस,
अ. उ. आ. वि. वि.

झाली सभा. सविस्तर लिहिते, ह्यांनी चहाचा कप पुढ्यात ठेवून खोलीचं दार ओढून घेतलंय.

जागा म्हणजे धुलाईखान्याच्या मागचं पटांगण. दोरीवर चादरी वाळत होत्या आणि त्यांच्यामधून बायका येत होत्या, हात पुसत. मी उभी राहिले. पहिली वाक्यं जुन्या सवयीने सुटली, टाळ्याही पडल्या. मग विस्तव पेटला. नेहमीसारखं मी पोट आवळलं, आणि आवळताना मला कळलं की आपण आवळतोय. आजवर कधी कळलंच नव्हतं. समोर ती उंच म्होरकी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत होती, अगदी माझ्यासारखी. मी बोलता बोलता थांबले. मी म्हटलं, एक खुर्ची द्या.

कुणीतरी धावत जाऊन खुर्ची आणली. कुठली, माहीत आहे? व्यवस्थापकाच्या खोलीतली, फिरती! त्यात मी बसले आणि सांगितलं, बायांनो, माझं ओटीपोट दुखतं. ऑपरेशनपासून दुखतंय, आणि मी ते आजवर कंबर म्हणून खपवलं. माइकवर, शेपटे. मोठ्याने. एक बाई हसली. मग दुसरीने आपल्या पोटावर हात ठेवला. तिसरी खाली जमिनीवर बसली, तिच्यामागे सगळी रांग बसली. मी म्हटलं, बसलेल्या बाईच्या हातून काम होत नाही असं ज्यांचं म्हणणं आहे त्यांनी आता बघावं, बसलेली बाई काय करते. त्यानंतर मी जे बोलले ते मला आठवत नाही. हे म्हणतात, आजवरचं सगळ्यात छोटं आणि एकही चूक नसलेलं. सभा झोपली नाही. माझी शिकवण साफ चुकीची निघाली, आता चार पिढ्यांना शुद्धिपत्र पाठवावं लागणार.

स्टुलं मिळतील की नाही ते आज सांगता येत नाही. वाटाघाटी पुढच्या आठवड्यात आहेत आणि तिथे मी बसूनच बोलणार आहे. दुखणं आजही आहे. गरम पाण्याची पिशवी घेऊनच लिहिते आहे. चोळलेलं नाही.

आता तुझ्या किल्लीचं. काल संध्याकाळी मी तिसऱ्या पायरीवर जाऊन बसले. सळ्यांतून पाय बाहेर जात नाहीत, ते वय गेलं. पण कठड्याला हात लावला तर गुळगुळीत आहे, आपल्या दोघींच्या तळव्यांनी झालेला. तिथे बसून त्या दिवशीचं आठवलं. मी तुझा दंड धरला आणि कानात बोलले, ते खरं. पण तू ऐकलंस ते बरोबर ऐकलंस का? माणसं ये-जा करत होती, तू हुंदके देत होतीस, मी आवंढे गिळत होते. अशा गोंधळात दोन शब्दांमधली जागा कुणाला नीट ऐकू येणार? मी जर तुझी चिठ्ठी आठवडाभर उलटी वाचू शकते, तर तूही माझं एक वाक्य उलटं ऐकलं असशील. आपल्याच घरात होतं ते.

तिकीट काढ. रद्द करू नकोस. दार उघडं ठेवते, किल्ली लागणार नाही, तरी आण. तिसऱ्या पायरीवर मी बसलेली असेन आणि माझा हात रिकामा असेल. काही करणार नाही, नुसता ठेवीन. तू मला शिकवलंयस.

आणि ते वाक्य पुन्हा लिहिते, या वेळी जागा नीट सोडून:

रडून ये.

तुझी ताई